नमुना

देवाजी डाखोऱ्यांनी आणलेली माती
मी बघताक्षणीच ओळखायला हवी होती.
इतकी काळीभोर, रांगोळीसारखी चाळलेली,
धुतलेल्या पिशवीत, वर सुतळीची गाठ,
आणि चिठ्ठीवर नातवाच्या वळणदार अक्षरात
गट नंबर, मागचं पीक : पराटी.

चंबूतला निळा रंग झटकन हिरवा झाला.
म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर.
दारव्ह्याच्या वाटेवरच्या वावरांत
इतका कर्ब मी सात वर्षांत पाहिला नव्हता.
पुन्हा तोलली, पुन्हा केली,
मग फोन लावला.
काका, ही माती नेमकी कुठली?

पलीकडे थोडं खोकणं, थोडं हसणं.
"उकिरड्याजवळची हाय ना बाई.
तालुक्याले पाठवाची म्हटल्यावर
चांगलीच पाठवा लागते.
वावरातली धाडली असती
तं तुमी काय म्हटलं असतं आमाले?"

काय म्हणणार होते मी.
आमच्या टेबलावर नापासाचा शिक्काच नाही.

रविवारी त्यांच्या वावरात गेले.
पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या,
भुईला हात जाईल एवढ्या भेगा.
लिंबाखालून नको, काका. धुऱ्याजवळून नको.
खताचा ढीग होता तिथून नको,
बैल बांधता तिथून तर नकोच.
"मंग उरलं काय?"
उरलं ते वावर, मी म्हटलं.

नागमोडी चालत दहा जागी थांबलो.
पालापाचोळा बाजूला, वीतभर खोल खड्डा,
खोदलेली माती फेकायची
आणि खड्ड्याच्या कडेची, वरून खालपर्यंत,
बोटभर जाडीची खरवडून घ्यायची.
"म्हंजे मेहनतीची टाकाची अन् खरवडलेली ठेवाची?"
त्यांना हे फारच उफराटं वाटलं.

पोत्यावर ढीग, ढिगाचे चार भाग,
समोरासमोरचे दोन बाहेर.
पुन्हा ढीग, पुन्हा चार.
दरवेळी बाहेर जाणाऱ्यातली चिमूटभर
ते हळूच आपल्याकडे ओढत,
भावांच्या वाटणीला बसल्यासारखे.
शेवटी उरली अर्धा किलो.
साडेचार एकर, एका हातात.

नत्र कमी. स्फुरद बेताचं. जस्त नावालाच.
पालाश मात्र भरपूर.
"भरपूर म्हंजे?"
म्हणजे यंदा पालाशाचं पोतं आणू नका.
ते बोटांच्या पेरांवर मोजत बसले,
किती साल, साली किती पोती.
एक हात संपला, दुसरा संपला.
मग म्हणाले,
"दुकानदाराच्या पोराच्या लग्नात
मी आहेर बी केला होता."

निघताना कौतिकाबाईंनी
श्रीखंडाचा डबा पुढे केला.
आत अंगणातल्या गोडलिंबाखालची माती.
"याईचं वावर पायलं, माह्यं बी पाय.
पानं शेंड्याकडून करपून राहिली."
त्या डबाभर मातीत क्षार एवढे
की काटा वर चढतच राहिला.
भांड्याचं पाणी झाडाला टाकता का, मावशी?
"टाकतो ना. वाया कायले जाऊ द्याचं?"
साबणाचं, सोड्याचं, लोणच्याच्या बरणीचं,
वर्षानुवर्षं, प्रेमानं, दोन्ही वेळा.
मी म्हटलं, थोडे दिवस नुसतं पाणी द्या.
त्या झाडाकडे अशा बघत राहिल्या,
जसं त्यानं आधीच सांगायला हवं होतं.

श्रावणात एसटीच्या कंडक्टरकडून
कागदात बांधलेली एक जुडी आली.
फोडणीत टाकली, घरभर वास.
पराटीचं अजून काही कळलेलं नाही,
बोंडं लागायची आहेत,
आणि बोंडांचं सगळंच
माझ्या चंबूत कळत नाही.

ती पहिली पिशवी, उकिरड्याची,
बरेच दिवस फळीवर पडून होती.
नियमानं फेकायची असते.
एका संध्याकाळी पर्समध्ये घालून घरी नेली,
पिवळ्या पडलेल्या तुळशीच्या कुंडीत रिकामी केली.
कुंडीतली माती मी कधीच तपासली नव्हती.
वरून टाकलेलीचा अहवाल मात्र
मला तोंडपाठ होता.