गीसनला गाडी दुभंगते

गीसनला गाडी दुभंगते.
पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या.
हे जर्मनमध्ये दोनदा सांगितलं गेलं
आणि दोन्ही वेळा मी सफरचंद कापत होतो.

जायचं होतं वेट्सलारला, भिंगांचं गाव म्हणतात ते बघायला.
उतरलो मारबुर्गला.
फ्रँकफर्टचं पंपांचं प्रदर्शन आटोपलेलं,
परतीचं विमान रविवारी,
पिशवीत अठरा कॅटलॉग
आणि पितळी व्हॉल्व्हचा एक नमुना,
तीन दिवसांत कुणीही हातात न घेतलेला.

नदी होती. बदकं होती.
आणि डोंगराला शिडीसारखं टेकवून ठेवलेलं गाव.
साखळ्या घातलेल्या सायकली इतक्या
की वाटलं, सगळी माणसं परीक्षेला बसलीत.
पण मार्च होता, विद्यापीठाला सुट्टी.
दारादारांवर पितळी पाट्या, हे खातं, ते खातं,
आत कोणी नाही,
एका खिडकीत फक्त वाळायला ठेवलेले मोजे.

चौकात सिग्नलचा खांब टकटकत होता.
मला वाटलं, बिघडलाय.
धंद्याची सवय, कान लावून ऐकलं, तळहात ठेवला.
"बिघडलेला नाही," मागून कोणीतरी म्हणालं,
"तो माझ्यासाठी बोलतोय."

पांढरी काठी, पाठीवर भलंमोठं दप्तर.
विब्के हार्म्स. कायद्याचं चौथं वर्ष.
उत्तरेकडच्या बेटावरची, जिथे सगळंच सपाट,
म्हणून इथे आली, म्हणाली, चढ शिकायला.
तिचं इंग्रजी कलमांसारखं, माझं कोटेशनसारखं,
तरी जमलं.

वर जायला लिफ्ट आहे, अख्ख्या गावाला एक लिफ्ट.
"ती प्राध्यापकांना," म्हणाली, आणि पायऱ्या धरल्या.
मी तिच्या मागे. वाट ती दाखवत होती.
वळणावर, "इथे वाकलेलं घर आहे ना अजून?"
होतं. लाकडी तुळयांचं, गल्लीवर झुकलेलं,
समोरच्या घराला काही विचारायचं असल्यासारखं.
"इथे पावाचा वास. इथे वारा. इथे डावीकडे कुत्रा, म्हातारा."
कुत्रा म्हातारा होता.

वर पोचल्यावर मी म्हणालो, एकशे बारा.
"एकशे अकरा. तुम्ही उंबरा मोजलात."

गावाची एक छोटी ब्राँझची प्रतिकृती आहे,
बोटांनी बघायची.
तिने माझं बोट धरून एका टोकदार छपरापाशी टेकवलं:
"इथे तुम्ही आत्ता धापा टाकताय."
मग मी पिशवीतून व्हॉल्व्ह काढला.
का, ते ठाऊक नाही.
देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

तिने तो फिरवला, आत करंगळी घातली,
झडप ढकलली, सोडली, ढकलली.
"जाऊ देतो. येऊ देत नाही."
बावीस वर्षं विकतोय,
इतकं थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

रात्री खोलीची मालकीण, फ्राउ ओस्टहाइम,
पोरं सोडून गेलेल्या छत्र्यांची पेटी दाखवत होती.
एकतीस छत्र्या, सगळ्या काळ्या, एक पोपटी.
भाडेकरू किती झाले, हे तिने मोजायचं सोडलंय.
परत भेटायला आले तीन.
"त्यातला एक छत्रीसाठी."
आणि मला सूप वाढताना तिने विचारलं,
तुम्ही कुठला विषय शिकवता?
मी पाणी म्हणालो.
ती मान हलवून "अच्छा, अच्छा" म्हणाली, म्हणजे त्यांचं जे काही "अच्छा" असतं ते.

रविवारी पहाटे उतरताना पायऱ्या मोजल्या.
एकशे अकराच.
खांब टकटकत होता, रस्ता रिकामा,
तरी मी थांबलो, तो म्हणेपर्यंत.

गीसनला दुसरी अर्धी गाडी आली, वेट्सलारकडून,
सावकाश, पावलापावलाने,
आणि एक बारीक धक्का, चहा सांडण्याइतकाही नाही.
तिकडून आलेल्यांत एक बाई चष्मा पुसत होत्या.
विचारणार होतो, कसं आहे हो ते गाव.
पिशवी हलकी लागत होती, तीच पुन्हा चाचपत बसलो.