राख : सराव क्रमांक चार

पाषाणला रात्री दोन वाजता
यंत्रखोलीतली थंडी स्वेटरची वीण ओळखून आत येते.
माझ्याकडे एक बेट आहे, पश्चिमेला, भर समुद्रात.
त्याला नाव नाही. अक्षांश, रेखांश, एवढंच.
दर गुरुवारी मी ते फोडते.

उंची चौदा किलोमीटर धरली.
राख किती, ते सांगता येत नाही;
डोंगर काही वजन करून देत नाही.
म्हणून तीसदा अंदाज घेते, तीस वारे सोडते,
आणि तीस नकाशे उजाडेपर्यंत
एकमेकांशी हुज्जत घालत बसतात.
अकरांत राख समुद्रावरच विरते.
सतरांत कोकण ओलांडून घाट चढते.
उरलेले दोन भलतीकडेच भरकटतात,
त्यांनाही मी खोटं म्हणत नाही.

जाड कण लवकर खाली बसतात.
बारीक कण म्हणजे आमच्या नगरच्या आत्या,
निघते निघते म्हणत चार दिवस राहणाऱ्या.

लोहगावहून तांबोळींचा फोन.
सरावच आहे, पण आवाज खराखुरा.
"उडवायची की थांबवायची?"
इंजिनाच्या आगीत राख वितळते,
पात्यांवर तिची काच बसते, हे त्यांना माहीत आहे.
मी म्हणते, शंभरात सत्तावन्न.
"मॅडम, सत्तावन्न टक्के विमान उडत नाही."
पुढे दोघेही काही बोलत नाही.
फोनमध्ये कुठलासा पंखा खरखरतो.

जिल्ह्याच्या आपत्ती कक्षातले दिघे
लाल पुट्ठ्याची वही घेऊन येतात.
पाण्याच्या टाक्यांना झाकणं किती,
कडबा कशाखाली झाकायचा,
जनता वसाहतीतले पत्रे किती भार सोसतील
आणि वर पाऊस पडला तर?
(ओली राख कोरडीच्या दुप्पट भरते.)
आधी झाडू की आधी पाणी?
आधी झाडू. नाहीतर गटारांत गिलावा होईल.
"आमच्याकडे राखेनं भांडी लख्ख निघायची," ते म्हणतात.
ही चुलीतली नव्हे, दिघे.
हिच्या कणाकणाला कडा आहेत. डोळे चोळायचे नाहीत,
हे पहिल्या ओळीत लिहा.

त्यांनी लिहिलं. पण टंकलेखकानं
मथळ्यात "राख नियोजन"चं "राखण नियोजन" केलं.
दिघे पेन काढून खोडायला निघाले.
मी म्हटलं, असू दे.

या इमारतीखालचा काळा कातळही
एके काळी वाहत होता, थरावर थर.
तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.
पण बोरीला होतं.

डिसेंबरात दिघ्यांना घेऊन गेले, जुन्नरच्या वाटेवर,
कुकडीच्या काठाला.
दरडीत एक फिकट पट्टा, हातभरही नाही काही ठिकाणी.
कुठल्या डोंगराची राख, कधीची,
यावर जाणकारांचं अजून जुळत नाही.
बहुधा पूर्वेकडून, सगळा समुद्र ओलांडून.
मी चिमटीत घेतली. पिठासारखी,
मग दाताखाली आली तशी कचकच.
तिच्या आसपास दगडी कुऱ्हाडी सापडल्यात,
म्हणजे कुणीतरी इथे दगडावर दगड मारत बसलं होतं
आणि दुपारचंच अंधारून आलं असेल.

दिघे बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिले.
"यांना सांगितलं होतं का कुणी?"
मी काय सांगणार.
मग त्यांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली,
पाण्यात जाऊन उभे राहिले
आणि बोट तोंडात ओलं करून वर धरलं,
वारा कुठून येतो ते बघायला.

एकतिसावा अंदाज.
मी घड्याळात बघून वेळ लिहून घेतली.