अकरा शेअर

उद्यमबागेत रातपाळीला
लेथवर बुश कापता कापता भरमाण्णा म्हणाला,
"कोरियाचा तोफावाला सात टक्के वर गा."

मी मायक्रोमीटर पुसून पुन्हा लावला.
दोन मायक्रॉन जास्तच.

दोघांचे मिळून अकरा शेअर.
कंपनीचं नाव अजून जिभेला बसत नाही,
नव्या कन्नड पाटीसारखं अंदाजानं वाचतो.
बोनस तिकडं घातला तेव्हा त्याची बायको म्हणाली होती,
सोनं तरी घ्या की ओ,
अंगावर दिसतं.

तिकडचा बाजार पहाटे साडेपाचला उघडतो.
आकडा हिरवा दिसला
की कुठंतरी काहीतरी पेटलेलं असतं,
बातमी मागाहून येते.

पाळी सुटल्यावर आम्ही कॅम्पातून जातो.
सेंटरच्या भिंतीपलीकडं बुटांचा एकच ठोका;
त्यात भरमाण्णाचा धाकटा, चौथा महिना.
तिथं तो सायकलची घंटी वाजवतो,
उगाच.

काल आकडा लाल.
कुठल्यातरी दोन देशांचा तह झाला म्हणे.

"बरं झालं की,"
भरमाण्णा म्हणाला.
चक थांबेस्तोवर गप्प राहिला.
बोटांनी गरम किस झाडला.

"कितीनं पडला?"