हात लावायच्या आधी सांगा

तेंदूच्या फळीवर मी पुडे मोजतो.
एका पुड्यात सत्तर पानं. एकोणसत्तर असली
तर उचलल्याबरोबर कळतं.
मुन्शी म्हणतो, ईश्वरदास, तू तराजू गिळला का बे?
नाही. मी तराजू गिळलेला नाही.

पण पोटात दुखतंय हे मला
तीन दिवसांनी कळलं.
आधी वाटलं, चप्पल चावतेय.
मग वाटलं, पत्रे आज जास्त वाजतात.
मग जेवण राहिलं, आंघोळ राहिली,
मग वहिनी म्हणाली, भाऊजी, डोळे पिवळे दिसतेत.
माझं शरीर मला पोस्टानं निरोप पाठवतं
आणि आमच्या गावात पोस्टमन
मंगळवारी नि शुक्रवारीच येतो.

देवरीचा दवाखाना.
ट्यूबलाईट सगळ्यांना नुसता उजेड देते,
माझ्याशी बोलते. एकच अक्षर, पुन्हा पुन्हा.
फिनाईल, रडणारं लेकरू,
कुणाच्या मोबाईलवर लग्नाचा डीजे,
आणि न सांगता दंडावर पट्टा. फुगतो, फुगतो.
मी हात ओढला. यंत्र पडलं.
"पागल आहे का हा?" सिस्टरनं भावाला विचारलं.
डॉक्टरांनीही भावालाच, "याला कुठं दुखते?"
मी तिथंच होतो, साहेब.
तुमच्या टेबलावर सात पेन होते,
दोघांना टोपण नव्हतं.

"एक ते दहामध्ये किती दुखते?"
कुणाचं दहा?
अस्वलानं फाडलेल्या सुखराम काकाचं,
की वहिनीच्या पहिल्या बाळंतपणाचं?
मी ठरवत होतो तोवर
गोळ्या लिहून झाल्या, पुढच्याला हाक गेली.

गेल्या वर्षी गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी
मला एक शब्द दिला होता: स्वमग्न.
म्हणजे स्वतःत बुडालेला.
शब्द चुकलाय, मॅडम.
मी बुडतो ट्यूबलाईटमध्ये, डीजेमध्ये,
लोकांच्या एकावर एक पडणाऱ्या आवाजांत.
स्वतःपर्यंत पोचायलाच तर
मला तीन दिवस लागतात.

रात्री पुड्यांच्याच वहीत, मागच्या पानावर लिहिलं.
आशाताई पुष्पकला उईके ओसरीत बसली होती,
म्हणाली, लिवा भाऊ, घाई नाही.

मी ईश्वरदास. वय एक्केचाळीस.
हात लावायच्या आधी सांगा, कुठं आणि किती वेळ.
डोळ्यांत पाहत नाही, पण ऐकतो.
गप्प आहे म्हणजे दुखत नाही असं नाही.
प्रश्न एकेक विचारा. मग थांबा.
अजून थोडं थांबा.

शनिवारी आठलाच गेलो, गर्दीच्या आधी.
नवी सिस्टर होती. तिनं कागद दोनदा वाचला.
"पट्टा बांधते. डाव्या हाताला. वीसपर्यंत मोजा."
मी मोजलं.
"तेवीस झाले," मी म्हणालो.
ती म्हणाली, "चुकलं माझं. पुढच्या वेळी पंचवीस सांगीन."

डॉक्टर तेच. प्रश्नही भावालाच.
भाऊ खिडकीबाहेर मोहाकडे पाहत राहिला,
पाहतच राहिला,
तेव्हा कुठं त्यांची मान माझ्याकडे वळली.

मी म्हणालो, ओल्या पुड्यासारखं दुखतं.
मोजलं तर सत्तरच, पण जड.
उजव्या बाजूला. जेवल्यावर.
त्यांनी ते तसंच लिहून घेतलं की नाही
मला उलट्या बाजूनं वाचता आलं नाही.

गुरुवारी गोंदियाला सोनोग्राफी.
तिथं ट्यूबलाईट आहे का, मी विचारलं.
कुणालाच माहीत नव्हतं.
पुष्पकलाताईनं चिठ्ठीच्या मागं
तेवढंच लिहून घेतलं, खाली रेघ ओढून.