मान

पहिल्यांदा मार्किझची मान गेली.
गेली म्हणजे वळली, मागे, पार पाठीवर,
चोच आभाळात.
भर दुपारी तारे मोजत असल्यासारखी
ती कुंपणाशी उभी राहिली, मग बसली,
मग कलंडली.

झेली म्हणाली, कुत्रा मागे लागला असेल.
अल्देरिक म्हणाला, ऊन बाधलं.
ऊन! नोव्हा स्कोशियात, जूनच्या दहा तारखेला,
उपसागरावरचं धुकं दारात येऊन
दोरीवरच्या चादरी पुन्हा ओल्या करत असताना.

गुरुवारी दुसरी हंसी. तिच्या पायांचं
एकमेकांशी बोलणं बंद झालं.
डावा तळ्याकडे निघाला, उजवा घराकडे,
आणि ती मधल्यामध्ये, चिखलात, रागावलेली.
शनिवारी नर,
ज्याला पोस्टमनसुद्धा वचकून असायचा.
चोच उघडी, आत नुसती हवा.

डॉक्टर मॅकास्किल आली, गाडी फाटकाबाहेर ठेवून,
गमबूट, मास्क, दुहेरी हातमोजे.
आधी बर्ड फ्लू, म्हणाली. तो नसेल तर बाकीचं.
चार दिवस फाटकाला पिवळी पट्टी.
चार दिवस शेजारीण रस्त्याच्या पलीकडून चालली.
नाही निघाला.
मग तळ्यातला कुजका गाळ. नाही.
मग डास. मग जीवनसत्त्वं:
झेलीने यीस्ट कालवून चमच्याने भरवलं
मांडीवर घेऊन, नात झोपते त्याच मांडीवर.
तिसऱ्या रात्री मार्किझने मान टाकली.
आठवडाभर जी खाली येत नव्हती
ती आली खाली.

मासे ठेवायच्या डब्यात बर्फ भरून
तिला शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं.
निघताना डॉक्टरने विचारलं,
मेमध्ये अंगणात नवीन काय झालं?
काही नाही, अल्देरिक म्हणाला.
छऱ्यांची बंदूक? गळाची वजनं? जुनी बॅटरी?
नाही. नाही. नाही.
आणि तिच्या खांद्यावरून त्याला खिडक्या दिसत होत्या.

अकरा.
वर बापाचा हिरवा रंग, त्याखाली आजोबांचा पिवळा,
त्याखाली कुणाचा कोण जाणे, पांढरा,
सफरचंदाच्या सालीसारखा लांबच लांब सुटणारा.
सबंध महिना खरवडत होता तो, शीळ घालत.
नातीचा इथला पहिला उन्हाळा,
घर निळं करायचं होतं.
पापुद्रे गवतात पडले. पाऊस पडला. गवत वाढलं.

गोष्टीतला हंस दुधातून पाणी वेगळं काढतो.
ह्या गोष्टीतल्या नव्हत्या.
ह्यांना दात नाहीत, म्हणून ह्या मुद्दाम खडे गिळतात,
पोटात जातं ठेवून दळतात.
दळलं.

मंगळवारी फोन आला, तो त्यानेच घेतला.
कानात शिसं ओतल्यासारखं, असं आपण म्हणतो,
शब्द जड असला की.
इथे शब्दच तो होता.

राहिलेल्या दोघांना इंजेक्शनं, सकाळ-संध्याकाळ.
आठव्या दिवशी नर बिजागरी करकरावी तसा ओरडला
आणि पोस्टमनच्या पँटला झोंबला.
झेली हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन
बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

सुया आवरताना डॉक्टरने वर न बघता विचारलं,
फ्लावी रांगते ना अजून?

दवाखान्यात तिच्या टाचेला टोचलं.
एवढीशी टाच. एवढंसं रक्त.
ती रडली ते पुढच्या खोलीतलीही मुलं रडायला लागली.
नर्सने फॉर्म पुढे ओढला,
घरात, अंगणात, अलीकडे काही काम वगैरे?
झेलीने तोंड उघडलं, पण आधी तो बोलला,
दोन महिन्यांत पहिल्यांदा
कुणी दुसऱ्यांदा न विचारता:
अकरा खिडक्या. मेमध्ये. मी.

पोर्चच्या पायरीवर निळ्या रंगाचा डबा तसाच आहे,
झाकणही उघडलेलं नाही.
निकाल शुक्रवारी.