एक जून

महानंदाचा वाढदिवस एक जून.
तिच्या अर्ध्या वर्गाचा तोच,
गुरुजींनी दाखल्यावर टाकून दिलेला.
तिची आई म्हणते, जतच्या जत्रेत झाली,
पाळणे उतरवत होते तेव्हा.
साल विचारलं की कानडीत हिशेब लावते
आणि मध्येच हसत सुटते.

मी एक जूनच धरली.
कुठली तरी धरायला हवी.

खोली विश्रामबागेत, मागच्या अंगाला.
कॉट दोन, चावी एक, ती मीटरच्या पेटीत.
महानंदा रात्रपाळीची सिस्टर,
मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर पट्ट्या लिहिते.
ती येते तेव्हा मी डबा भरत असते,
मी येते तेव्हा ती वेणी घालत असते.
अकरा महिने झाले,
आणि ओळख रविवारपुरतीच.

हरभट रोडवर तीन संध्याकाळी फिरले.
पर्स? तिच्याकडे आहे, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.
कप घेतला हातात, त्यावर ‘जिवलग मैत्रिणीस’.
परत ठेवला.
आम्ही तशा आहोत का, हे कधी निघालंच नाही.
घड्याळ नको,
रात्रभर दुसऱ्यांची नाडी मोजते ती.
दुकानदार वैतागला,
‘ताई, त्यांना आवडतं काय ते तरी सांगा.’
मला माहीत होतं ती काय टाळते:
दोडका, लिफ्ट, थोरल्या भावाचा फोन.
आवडतं काय, ते सांगता येईना.
अर्धा किलो भडंग घेऊन घरी आले.

मग रविवार.
समोरच्या गोदामावर नवा पत्रा ठोकलाय.
साडेदहाला ऊन त्यावर आपटतं
आणि उडी मारून थेट तिच्या उशीवर.
झोपेतच ओढणी डोळ्यांवर घेते.
घसरते.
पुन्हा घेते.
शेवटी भिंतीकडे तोंड, हात आडवा,
एसटीत उभ्याउभ्या डुलकी काढणाऱ्यासारखी.
बारापर्यंत मी मोजलं, एकवीस वेळा.
हे रोजचं,
आणि रोज त्या वेळी
मी यार्डात चहा पीत असते.

कापड घेतलं जाड, गडद निळं, साडेतीन मीटर.
शिंपी म्हणाला, ‘स्टेजला का?’
म्हटलं, नाही, झोपायला.
मालकीणबाई खिळा मारू देत नाहीत,
म्हणून गजांना दोरी ताणली,
ती ड्यूटीवर असताना, स्टुलावर स्टूल ठेवून.
चिठ्ठीत लिहायला पुष्कळ ठरवलं होतं.
लिहिलं एवढंच: ‘झोप.’

सकाळी मी निघाले तरी ती आली नव्हती.
दिवसभर लक्ष पेढीवर नाही,
दोन पट्ट्यांत क्विंटल चुकले,
शेटजींनी बसवून सगळं पुन्हा लिहून घेतलं.
पोचले तर आठ वाजलेले,
चावी पेटीत.

पडदा ओढलेलाच होता.
भडंगाचा डबा धुऊन पालथा.
दिवा लावला तेव्हा दिसलं,
निळ्या कापडाच्या कडेला
माझ्या बोटांचे हळदीचे ठसे, चार आणि अंगठा.
मला वाटलं होतं, मी हात धुतले होते.

चिठ्ठीच्या पाठीवर तिचं अक्षर,
औषधाच्या पुडीवर लिहितात तसं घाईचं:
‘साडेसहाला उठले. गजर ऐकूच आला नाही.
रात्र का दिवस कळेना. उशीर होणार आज.’
आणि खाली एक ओळ कानडीत.

पेढीवर जमखंडीचा एक ड्रायव्हर येतो.
त्याच्याकडून वाचून घेता येईल.
तीनदा येऊन गेला.
अजून विचारलं नाही.