डावा पुढचा

मी मीटर वाचतो, माधवनगर भागातले.
बावीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून
एकच वाक्य ऐकतोय :
तुमचं मीटर पळतंय ओ.

आणि गाळप संपलं की, महिन्यातल्या एका रविवारी,
तिघांत मिळून घेतलेली जुनी एस्टीम
साखर कारखान्याच्या ओस पडलेल्या अड्ड्यात पळवतो.
आधी चिपाडं झाडून काढायची,
मग रंगाचे रिकामे डबे मांडून वळणं करायची.
सहा वळणं. त्यातली पाच उजवी.

काँक्रीट रबर खातं,
बालवाडीतलं पोर खडू खातं तसं, गुपचूप.
आणि पाच वळणं उजवी म्हटल्यावर
सगळी गाडी कलंडते ती
डाव्या पुढच्याच्या खांद्यावर.

टायर एक, तीन हजार चारशे.
पॅडचा जोड, साडेचौदाशे.
ब्रेक ऑइल उकळलं की पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं जातं,
ते तीनशे ऐंशी, शिवाय एखादा डबा चेपतो तो वेगळा.
हे सगळं बाहुबली मगदूमच्या वहीत.
भुसाराचं दुकान त्याचं, पण या वहीत
क्विंटल नाहीत, मिलिमीटर आहेत.

दस्तगीरचे नियम वहीत नाहीत.
शेवटची फेरी ब्रेकला पाय न लावता, गार होत यायचं.
थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही,
तापलेली डिस्क पॅडला धरून बसते;
चाकाखाली वीट सरकव.
हवा आपल्याच काट्यानं मोजायची, पंपावरच्या नाही.
घरी जायचे टायर वेगळे. इथले चार
मिरजेच्या भंगारातल्या रिमांवर.
आणि पोरांच्या कॅनव्हासच्या बुटांचं पांढरं पॉलिश :
त्याचा बोटभर पट्टा प्रत्येक टायरच्या कडेला.
फेऱ्या मारून आलं की तो उकिडवा बसतो
आणि पांढरं कुठवर पुसलं ते बघतो.
बाकी काही विचारत नाही.

तीन वर्षं वाटणी सारखी होती.
यंदा डावा पुढचा दोन रविवारांत उतरला
तेव्हा बाहुबली टोपण लावत म्हणाला,
ज्यानं खाल्लं त्यानं भरावं.

मग तिघांच्या आठ-आठ फेऱ्या,
दर वेळी नवं पॉलिश.
बाहुबली आला. पट्टा जवळजवळ जसाच्या तसा,
वळणसुद्धा तो तागडीत घालूनच घेतो.
दस्तगीर आला. अर्धं पेर पुसलेलं,
आणि घड्याळात तिघांत सगळ्यात कमी वेळ.
मी आलो.
पांढरं नव्हतंच कुठं.
टायरवरची कंपनीची अक्षरं घासायला लागलेली,
पॅडांचा जळका वास पार वजनकाट्यापर्यंत.

"वळणात शिरल्यावर ब्रेक आठवतो व्हय तुला?"

मी म्हणालो, हवा कमी होती.
म्हणालो, ऊन बघ की किती.
म्हणालो, तुमच्या सोळा फेऱ्यांनी आधीच तापला होता तो,
माझ्या वाटणीला आला तेव्हा...
आणि तिथंच थांबलो.
कुणाच्या तरी ओसरीवर, टॉवेल खांद्यावर टाकून,
मीच उभा होतो,
आणि मीच खाली, हातात यंत्र घेऊन,
मान हलवत, आकडा टिपत.

पैसे भरले. बाहुबलीनं मोजून घेतले,
दोनदा.

दस्तगीर तोवर टायर उचलून उजेडात फिरवत होता.
बाहेरची कड गेली, म्हणाला, आतली शाबूत आहे.
रिमवर उलटा बसवू.
दोन रविवार अजून निघतील ह्याच्यातनं,
तू ब्रेक सरळ रस्त्यात मारलास तर.